खोल्या आवरणाऱ्याचं घर

आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाच्या चिटणीसांनी यंदा मला विषयच नेमून दिला: धावपळीच्या दिवसांतही घर बऱ्यापैकी स्वच्छ कसं ठेवावं. "भाऊसाहेब, तुमची सगळी नोकरी यातच गेली. तुमच्याइतका अधिकारी माणूस देवासमध्ये दुसरा कोण?" असं ते म्हणाले आणि मी लगेच फुगलो. घरी येऊन बायकोला सांगितलं. सुनंदा पोहे निवडत होती. ती इतकी हसली की चष्मा काढून पदरानं डोळे पुसावे लागले. मग म्हणाली, "लिहा की. पण पोटाचं लिहायचं टाळू नका." तेव्हा टाळत नाही. पोटाशी यायला थोडा वेळ लागेल एवढंच.

देवासच्या एका कारखान्याच्या गेस्ट हाऊसवर मी सव्वीस वर्षं होतो. आधी सुपरवायझर, मग इन्चार्ज. पद बदललं, काम बदललं नाही: बारा खोल्या स्वच्छ ठेवायच्या. आमचं घराणं मूळचं धारचं. लग्नाकार्यात कुणी विचारलं की मी सांगतो, आमचे पूर्वज दरबारात होते. ते खरंच आहे. ते फरासखान्यात होते. दरबार भरायच्या आधी बिछायत अंथरायची आणि उठला की झटकून गुंडाळून ठेवायची, हे त्यांचं काम. पण एवढा तपशील मला लग्नात कुणी विचारत नाही.

गेस्ट हाऊस म्हणजे हॉटेल नव्हे. इथले पाहुणे पैसे देत नाहीत, म्हणून तक्रारी जास्त करतात. मशीन बसवायला आलेले इंजिनियर, हिशेब तपासायला आलेले ऑडिटर, साहेबांच्या साडूचे मेहुणे, आणि दिवाळीच्या आधी गावोगावचे डीलर. एक पाहुणा सकाळी आठला खोली सोडतो आणि दुसरा साडेआठला दारात उभा असतो. त्या अर्ध्या तासात खोली तयार करण्याची आमची एक रीत होती. आधी खिडकी उघडायची. मग चादरी काढायच्या. मग वरून खाली: पंखा, ट्यूबलाइट, कपाटाचा माथा, टेबल, खुर्ची. बाथरूम घासून घ्यायचं. फरशी सगळ्यात शेवटी, आणि तीही आतल्या कोपऱ्यापासून पुसत पुसत, पाठ दाराकडे करून बाहेर यायचं, म्हणजे ओल्यावर आपलेच पाय उमटत नाहीत. माझा जुना सहकारी कैलाश भिया (भैयाला आमच्याकडे भिया म्हणतात) हे सगळं बावीस मिनिटांत करायचा. मी त्याच्या मागून जाऊन दाराच्या चौकटीवरून बोट फिरवायचो. बोट काळं झालं नाही की मला थोडं वाईटच वाटायचं, कारण मग मला तिथं काहीच काम उरत नसे.

आमचा मोठा शत्रू म्हणजे सेव. माळव्यातला माणूस पोह्यांवर सेव घेतो, जेवणात सेव घेतो, आणि गेस्ट हाऊसची पांढरी चादर मिळाली की पलंगावर बसून पुडीतून सेव खातो. नालछ्याकडचे एक डीलर होते, ते झोपेतही खात असावेत. त्यांच्या चादरीवर तेलाचा डाग नसेल अशी जागा सापडायची नाही. अशा डागावर ताबडतोब पाणी लावायचं नाही, टाल्कम पावडर भुरभुरवून अर्धा तास ठेवायची, मग झटकून साबण लावायचा. एवढी एक युक्ती मात्र या लेखातून घ्या, बाकीच्या तुमच्या जोखमीवर वापरा.

आणि एक नियम होता, तो कैलाश भियाला मी जवळजवळ पाठच करायला लावला होता. पाहुण्याच्या खोलीतला कागद टाकायचा नाही. चिटोरा असो, बसचं तिकीट असो, केराच्या टोपलीबाहेर असेल तर तो कागद पाहुण्याचा. याला कारण घडलं होतं. एका इंजिनियरनं मशीनची मापं सिगारेटच्या पाकिटावर लिहून ठेवली होती आणि आम्ही ते पाकीट टाकलं. दुसऱ्या दिवशी मी आणि कैलाश भिया कारखान्याच्या उकिरड्यात गुडघाभर उतरलो होतो. पाकीट सापडलं. इंजिनियरनं आभार मानले नाहीत, पण त्यानंतर मी कागदाच्या बाबतीत फार हळवा झालो.

आता घर. आम्ही दोन खोल्यांत भाड्यानं राहायचो: मी, सुनंदा आणि आमची मुलगी मेधा, तेव्हा अकरा वर्षांची. नव्वदीची शेवटची वर्षं. देवासला रेल्वेनं पाणी आणावं लागायचं, तेव्हा नळाला ते तीन-चार दिवसांनी यायचं आणि मोरीपासून पलंगाखालपर्यंत सगळीकडे भरलेली भांडी असायची. सुनंदा सकाळी एका खाजगी शाळेत शिकवायची, दुपारी शिकवण्या घ्यायची, आणि उरल्या वेळात पत्रद्वारा बी.एड. करायची. त्याचे वर्ग सुट्ट्यांत धारला भरायचे. मी मात्र दिवसभर बारा खोल्यांची फडकी मोजून दमून आलेला असायचो. आल्यावर बूट काढायच्या आधी सवयीनं चौकटीवरून बोट फिरायचं.

"साहेब," सुनंदा स्वयंपाकघरातून म्हणायची, "कितव्या नंबरच्या रूममध्ये उतरलात?"

मला तो विनोद वाटायचा. मी तो गेस्ट हाऊसवर सांगायचोसुद्धा.

बी.एड.चं महत्त्व असं होतं. ते झालं की सरकारी शाळेत नेमणूक मिळणार होती, आणि नेमणुका गुणांच्या यादीनं व्हायच्या. यादीत वर असणाऱ्यांना जवळची गावं. हाटपिपल्या मिळालं तर रोज बसनं जाऊन संध्याकाळी घरी येता येणार होतं. नाव खाली गेलं तर जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला खोली करून राहावं लागणार होतं. सुनंदानं हाटपिपल्याच्या बसच्या वेळा डब्याच्या झाकणावर लिहून ठेवल्या होत्या. लेखी परीक्षा झाली होती, पेपर चांगले गेले होते. राहिलं होतं प्रात्यक्षिक: धारच्या एका शाळेत, बाहेरून आलेल्या परीक्षकांसमोर सातवीच्या वर्गाला एक धडा शिकवायचा. सोमवारी, दिवाळीच्या दहा दिवस आधी.

त्याच महिन्यात आमच्याकडे डीलरांचं संमेलन होतं. तीन आठवडे मी सकाळी सहाला जायचो आणि घरी यायचो ते जेवून झोपायला. सुनंदा धड्यासाठी काहीतरी मॉडेल करते आहे एवढं कानावर होतं. मी मनात थर्माकोल धरला होता. विचारलं नाही.

प्रात्यक्षिकाच्या आदल्या रविवारी मला सुट्टी मिळाली. सुनंदाला सहामाहीचे पेपर तपासायला शाळेत बोलावलं होतं, मेधा मैत्रिणीकडे होती. मी चहा घेत घराकडे पाहिलं. जाळी लोंबत होती. पलंगावर कपड्यांचा ढीग. कोपऱ्यात तपासायच्या वह्या. दिवाळी तोंडावर आणि आमची लक्ष्मी आली तर उंबऱ्यातच अडखळेल अशी दशा. माझं मन भरून आलं. बिचारी किती करते, आज आपण तिला घर आवरून द्यायचं, असं मी ठरवलं. हे ठरवताना मला स्वतःचं जे कौतुक वाटलं ते आठवून आजही कान गरम होतात.

मी शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि खिडकी उघडली. मग पंखा, ट्यूबलाइट, कपाटाचा माथा. कागद एकही टाकला नाही. तिच्या पाठ-योजनेची फाइल मी फडक्यानं पुसून, कोपरे जुळवून टेबलावर ठेवली. दुकानाची बिलं, मेधाची चित्रं, मागच्या वर्षीच्या लग्नपत्रिका, सगळं जपलं.

मग पलंगाखाली गेलो. तिथं पाण्याच्या कळशांच्या मागं एक खोका होता. त्यात सायकलच्या जुन्या ट्यूबचे लांबच लांब तुकडे, मध्येच तांबडा रंग फासलेले. फाटलेली, ठिगळ लावलेली रबरी शेकायची पिशवी. रॉकेलचं फुटकं नरसाळं, सलाइनची नळी, एक स्पंज आणि दोरा. अटाला. आमच्याकडे भंगाराला अटाला म्हणतात, आणि हा अटाल्यातलाही अटाला होता. नेमका त्याच वेळी गल्लीत अटालेवाल्याचा ठेला आला. मी खोका उचलून त्याच्या ठेल्यावर ठेवला.

त्या माणसानं आत पाहिलं. "बाबूजी, देख लो, काम का तो नहीं है कुछ?"

"भिया," मी म्हटलं, "बारा साल से यही काम कर रिया हूं. कचरा पहचानता हूं."

मग घरात येऊन साठवलेल्या पाण्यातल्या पाच कळशा वापरून मी फरशी पुसली, आतल्या कोपऱ्यापासून, पाठ दाराकडे करून. घर असं चमकत होतं की मी स्वतःच उंबऱ्याबाहेर उभा राहून पाहत बसलो.

आधी मेधा आली. ती घरभर हिंडली, पलंगाखाली वाकली आणि उठून उभी राहिली. आमची मेधा हिंदी शाळेतली, मराठी तिला घरापुरतं येतं. ती म्हणाली, "बाबा, आईचा पेट कहां गया?"

"काय?"

"पेट! आईनं बनवलेला. मुंह से पानी डालो तो नीचे तक जातं ना, तो."

सातवीचा धडा पचनसंस्थेचा होता. नरसाळं म्हणजे तोंड, ट्यूब म्हणजे अन्ननलिका आणि आतडी, शेकायची पिशवी म्हणजे जठर. बी.एड.च्या नियमाप्रमाणे मॉडेल टाकाऊ वस्तूंचंच असावं लागतं. जितकं जास्त टाकाऊ दिसेल तितके गुण जास्त. सुनंदानं तीन आठवडे संध्याकाळी बसून ते जमवलं होतं. तांबडं पाणी आणि मुरमुरे ओतले की ते जठरात थांबायचे आणि पिशवी दाबली की पुढं सरकायचे. शेजारची मुलं रोज पाहायला यायची. घरातला एकच माणूस होता ज्यानं ते पाहिलं नव्हतं.

मी स्कूटर काढली आणि आधी कैलाश भियाकडे गेलो. तो दारात दाढी करत बसला होता.

"कंई हुयो भाऊसाब? तोंड ऐसो क्यूं हुई रियो है?"

मी सांगितलं. त्यानं अर्धी दाढी तशीच ठेवून गमछा खांद्यावर टाकला आणि मागं बसला. अटाल्याच्या वखारीत पोचलो तेव्हा ठेला रिकामा झाला होता. तिथलं काम आमच्यापेक्षा शिस्तीचं. लोखंड एका बाजूला, काच एका बाजूला, आणि रबर मागच्या अंगणात. मागच्या अंगणात सायकलच्या ट्यूबचा माझ्या छातीइतका उंच डोंगर होता. आम्ही दोघं त्यात शिरलो. वखारीचा मालक खाटेवरून पाहत होता. "ढूंढ क्या रहे हो भिया?" त्यानं विचारलं. कैलाश भिया गंभीरपणे म्हणाला, "इनकी घरवाली का पेट."

तास दीड तास गेला. कैलाश भिया मधूनमधून ओरडायचा, "भाऊसाब, आंत मिल गई!" आणि तांबडा रंग लागलेला एखादा तुकडा हलवून दाखवायचा. नरसाळं सापडलं, तेही आणखी फुटलेलं. जठर सापडलं नाही. ते एका चप्पल शिवणाऱ्यानं तिथल्या तिथं घेतलं होतं आणि तो ते कापून तळवे करायला लागला होता. मी त्याच्या दुकानापर्यंत गेलो. त्यानं सहानुभूतीनं मला दोन तळवे परत दिले.

घरी आलो तर सुनंदा आलेली होती. मेधानं सगळं सांगितलेलं दिसत होतं. मी आतडी जमिनीवर ठेवली, शेजारी ते दोन तळवे ठेवले. वाटलं होतं ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"पाठ-योजनेची फाइल आहे?" तिनं विचारलं.

"आहे! कागद एकही टाकलेला नाही मी. एकूणएक ठेवलाय."

"वा," ती म्हणाली. मग कॅलेंडर भिंतीवरून काढून तिनं ते उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर जठर काढायला बसली. मी पट्टी धरून समोर बसलो. जठराला पट्टी लागत नाही हे तिनं मला सांगितलं नाही.

सोमवारी पहाटेच्या बसनं ती इंदूरला आणि तिथून धारला गेली. संध्याकाळी परतली तेव्हा मी दारातच विचारलं, कसं झालं. ती म्हणाली, "ठीक झालं. परीक्षक म्हणाले, मॅडम, शिक्षण सामग्री कहां है? मी म्हटलं, घर पर रह गई." आणि पिशवी टेकवून हात धुवायला मोरीकडे गेली. घर पर रह गई. तिनं माझं नाव घेतलं नव्हतं. मला लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं, आणि त्या बरं वाटण्याची जास्त लाज वाटली.

ती पास झाली. लेखीत उत्तम, प्रात्यक्षिकात जेमतेम. यादी लागली तेव्हा हाटपिपल्याच्या जागा तिच्या वरच्या नावांवर संपल्या होत्या. तिला लोहारदा मिळालं. बसनं चार तास. आठवडाभर तिथं खोली करून राहायचं, शनिवारी संध्याकाळी घरी यायचं, रविवारी दुपारच्या बसनं परत. असं सहा वर्षं चाललं. मॉडेल असतं तरी यादीत नाव किती वर गेलं असतं, हे आता कुणी सांगू शकत नाही. मी मात्र ते माझ्याच खात्यावर धरतो, आणि सुनंदानं कधी ते खोडून काढलेलं नाही.

तर सहा वर्षं मी घर चालवलं. चिटणीसांना हवा असलेला अधिकार मला तिथं मिळाला, गेस्ट हाऊसवर नव्हे. पहिल्या महिन्यात माझी बावीस मिनिटांची रीत कोसळली. खोली आवरायची तर पाहुणा बाहेर पडलेला असतो. घरातली माणसं बाहेर पडतच नाहीत. मी आतल्या कोपऱ्यापासून फरशी पुसत दाराशी यायचो तर मेधा त्याच ओल्यावरून दप्तर शोधत फिरायची. पाणी शिल्लक नसलं की पुसायचं सोडून नुसतं झाडायचं. जाळी महिन्यातून एकदा. भांडी मात्र त्याच वेळी, कारण सकाळी ती दुप्पट वाटतात. मोरी रोज. बाकी ज्याच्याकडे पाहवत नाही त्यावर एक चादर टाकायची. चौकटीवरून बोट फिरवणं मी बंद केलं. त्यावर काय असतं ते मला माहीत होतं, आणि ते पुसायचं कुणी तेही.

शनिवारी मात्र मी जिवाचं रान करायचो. सुनंदा येणार म्हणून दुपारपासून घासपूस. ती यायची, पिशवी टेकवायची, इकडंतिकडं पाहायची आणि म्हणायची, "छान ठेवलंय." मला वाटायचं, फिटतंय थोडं थोडं.

दुसऱ्या वर्षी एका शनिवारी ती आली आणि खुर्चीवर बसून राहिली. चहा दिला तो घेतला नाही.

"काय झालं? बरं नाही का?"

"बरी आहे. अहो, माझा कंगवा कुठं असतो हो?"

मी लगेच कपाट उघडलं. तिचा कंगवा, टिकल्यांचं पाकीट, वाचत असलेलं पुस्तक, घरात नेसायची साडी, सगळं एका पिशवीत घडी घालून वरच्या कप्प्यात ठेवलेलं होतं. दर रविवारी तिची बस सुटली की मी ते करायचो. आमच्या धंद्यात पाहुणा गेला की पहिलं काम ते: बेसिनमधला केस, उशीखालचं मासिक, खुंटीवरचा टॉवेल, त्याची कुठलीही खूण उरता कामा नये. मला कुणी सांगितलं नव्हतं. हात आपोआप चालायचे.

सुनंदानं पिशवी मांडीवर घेतली. "दर शनिवारी येते," ती म्हणाली, "आणि या घरात माझं काही पडलेलंच दिसत नाही. लोहारद्याच्या खोलीत तरी माझा पसारा असतो."

जिला मी घरापासून लांब पाठवलं, तिला दर आठवड्याला पुन्हा एकदा घराबाहेर काढत होतो, आणि त्यावर मला छान ठेवलंय म्हणून शाबासकीही हवी होती. मी तिची क्षमा मागितली. पोटाची आणि याचीही, एकदमच. ती म्हणाली, "चहा गरम करून आणा."

दुसऱ्या दिवशी तिला बसवर बसवून घरी आलो. बेसिनवर तिचा कंगवा होता, त्यात दोन केस. खुर्चीच्या पाठीवर साडी. पुस्तक पलंगावर पालथं. खिडकीत अर्धा प्यालेला चहाचा कप. माझे हात शिवशिवत होते. मेधा साडी उचलायला गेली तर मी म्हटलं, "राहू दे." कप तेवढा विसळला, कारण मुंग्या लागल्या होत्या. बाकी सगळं आठवडाभर तसंच राहिलं. खुर्चीवर कुणी बसलं नाही. जेवताना ती साडी समोर दिसायची आणि घरात तिघं आहोत असं वाटायचं.

शनिवारी सुनंदा आली. खुर्चीवरची साडी तिनं उचलली, तिच्यावर बसलेली धूळ झटकली आणि माझ्याकडे पाहिलं.

"हे काय? आठवडाभर आवरलं नाही वाटतं?"

"नाही," मी म्हटलं. सगळ्या नोकरीत कामचुकारपणाची कबुली मी इतक्या आनंदानं कधी दिली नव्हती.